तीन नंबर

सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. रिलेच्या मुलींना तर कधीच नाही. एक, दोन, तीन, चार. ज्या टप्प्यावर पळायचं तो आकडा हेच नाव. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून "तीन, खांदे!" अशी आरोळी आली की तीन नंबरनं खांदे सैल सोडायचे. शाळा सुटून सत्तावीस वर्षं झाली, तरी जुन्या मैत्रिणी फोनवर "काय गं तीन" असंच म्हणतात आणि मी "बोल" म्हणते. हे नाव मुळात माझं नव्हतं, हा विषय कुणी काढत नाही. मीही काढत नाही.

यंदा सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांच्या हाताखाली पळालेल्या सगळ्यांनी मिळून एक पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येकानं एक पान लिहायचं, विषय 'सरांनी मला काय दिलं', शब्द तीनशे. तीनशे शब्द मी ऑफिसात चहा थंड व्हायच्या आत लिहिते. हे पान मात्र काही केल्या होईना. दर वेळी पहिलं वाक्य एकच यायचं, "सरांच्या नजरेतून काही सुटत नसे", आणि तिथंच बोटं थांबायची.

बाकीच्यांची पानं भराभर आली. शिस्त, जिद्द, वेळेची किंमत. दोन नंबरनं लिहिलं की बाळंतपणाच्या कळा सोसताना तिला सरांचा आवाज ऐकू येत होता, "शेवटचे तीस, शेवटचे तीस!" मी आधी हसले. मग लक्षात आलं की हे तिनं सजवून लिहिलेलं नाही, हे असंच झालं असणार.

सरांचं जे मोठेपण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं कडवट वाटेल.

चार बाय शंभरची रिले लांबून बघणाऱ्याला चार मुलींची पळापळ वाटते. खरी शर्यत असते ती बॅटन, म्हणजे एकीनं दुसरीच्या हातात द्यायची नळी, बदलण्याच्या पट्ट्यात. आमच्या वेळी हा पट्टा वीस मीटरचा होता, आणि त्याच्या आधी दहा मीटर नुसता वेग घ्यायला मिळायचे. (२०१७च्या शेवटी नियम बदलला आणि ते दहा मीटरही पट्ट्यात धरले गेले. आम्हाला तीस मिळाले असते तर, हा विचार मी अजूनही करते. हा आजार बरा होत नाही.) मागची धावत येत असते, पुढची उभी असते, आणि त्या वीस मीटरमध्ये दोघींचा वेग सारखा व्हावा लागतो. त्यासाठी पुढची आपल्या मागं जमिनीवर चिकटपट्टीची खूण लावते. मागचीचा पाय त्या खुणेवर पडला की सुटायचं, आणि सुटल्यावर मागं वळून बघायचं नाही. "हात!" असा आवाज आला की हात मागं न्यायचा, तळवा उघडा, स्थिर. बॅटन त्यात येणार. ती आली की नाही हे डोळ्यांनी बघायची सोय नाही, तळव्यालाच कळतं.

ती खूण किती पावलांवर लावायची यासाठी सरांनी आमच्यातल्या प्रत्येक जोडीवर आठवडेच्या आठवडे घालवले. स्वतःची पावलं टाचेला बोट लावून मोजायचे. एकोणीस, वीस, साडेवीस. "अर्ध्या पावलानं काय होतंय?" असं एकदा कुणीतरी विचारलं, तर त्यांनी शिक्षा दिली नाही, वाळूत गणित करून दाखवलं. मैदानावर फक्की ते स्वतः मारायचे. आम्ही पोचायच्या आत सगळ्या लेन आखून झालेल्या असायच्या आणि सरांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. आपल्या अंगात काही आहे असं ज्या वयात कुणाला वाटत नसतं, त्या वयात एक मोठा माणूस आमच्या पावलांसाठी जमिनीवर वाकत होता. असं लक्ष मला त्यानंतर फार कमी वेळा मिळालं. नवऱ्याकडूनही नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही.

तिसरा टप्पा वळणावरचा. दोन नंबर आपल्या डाव्या हातातली बॅटन तुमच्या उजव्या हातात देते. तुम्ही वळणाच्या आतल्या कडेला चिकटून पळायचं, केंद्रापासून बाहेर फेकलं जाणारं अंग सावरायचं आणि ती चौथीच्या डाव्या हातात ठेवायची. टाळ्या चौथीला. वळण काढणारी मुलगी वेगळीच लागते असं सर म्हणायचे, आणि तशी त्यांना एक सापडली होती. ती माझ्याच वर्गातली, माझ्यापुढच्या बाकावरची. मी राखीव.

तो १९९७-९८चा हंगाम. त्याआधीच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिक झालेलं. पावसामुळे मैदान बंद असलं की सर आम्हाला वर्गात बसवून केरी स्ट्रगची गोष्ट सांगायचे. अमेरिकेची अठरा वर्षांची जिम्नॅस्ट. व्हॉल्टच्या पहिल्या उडीत घोटा गेला. ती लंगडत परत गेली, पुन्हा धावली, उडी मारली, दोन्ही पायांवर उतरली आणि मग एक पाय उचलून धरला. ९.७१२ गुण. संघाला सुवर्ण. तिचे प्रशिक्षक बेला कॅरोली तिला उचलून घेऊन गेले. इथं सरांचा आवाज दाटायचा आणि आमच्यातल्या निम्म्या जणी रडायच्या. मी तर हमखास.

त्या गोष्टीचा उरलेला भाग मला बऱ्याच वर्षांनी कळला. रशियाच्या मुलींचे गुण लागल्यावर हिशेब मांडला, तर स्ट्रगनं दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं. उडीच्या क्षणी हे कुणाला माहीत नव्हतं, हेही खरं, रशियाचा खेळ संपायचा होता. पण ती वैयक्तिक फेरीलाही पात्र ठरली होती, आणि त्या घोट्यामुळे तिला त्यात उतरता आलं नाही. सरांच्या गोष्टीत हे कधी आलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यांना दुसरंच काहीतरी विचारलं. ते पुढं येईल.

पुस्तिकेचं काम बघणाऱ्या मैत्रिणीनं सरांच्या घरून त्यांच्या जुन्या वह्या आणल्या आणि पानांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्या, निळी शाई, रकाने पट्टीनं मारलेले. आपापलं टायमिंग शोधायची झुंबड उडाली. "अगं बघ, मी चौदा-दोन पळायचे!" पन्नाशीकडे झुकलेल्या बायका. मीही शोधायला बसले.

हंगामाच्या पहिल्या पानावर एकतीस नावं होती. शेवटच्या पानावर अकरा. मधली वीस एकेक करून खोडलेली, सरळ रेघ, शेजारी तारीख. कारण कुठंच नाही. यातली सहा-सात नावं तर मला आठवेनात. आणि ग्रुपवर त्या विसातलं कुणीही नव्हतं. कुणी त्यांना बोलवायला नको असं ठरवलं नव्हतं. कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

पान लिहून होत नव्हतं, म्हणून रात्री इकडचं तिकडचं वाचत बसायचे, त्यात टेक्सासचा एक किस्सा हाती लागला. १९५४चा सप्टेंबर. बेअर ब्रायंट नावाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक टेक्सास ए अँड एम या कॉलेजात नवीन आले आणि मुलांना घेऊन जंक्शन नावाच्या गावी गेले. दहा दिवसांचं शिबिर, भाजून काढणारं ऊन, सरावात पाणी प्यायला बंदी. पाणी पिणं म्हणजे ढिलेपणा, असं तेव्हा सरसकट मानत. एक मुलगा उष्माघातातून कसाबसा वाचला. किती गेले आणि किती उरले हे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण निम्म्याहून बरीच जास्त मुलं रात्री-अपरात्री सामान घेऊन निघून गेली. त्या हंगामात संघानं दहातला एक सामना जिंकला. दोन वर्षांनी मात्र ते आपल्या गटाचे विजेते झाले, आणि शिबिराची दंतकथा झाली. १९७९मध्ये, पंचवीस वर्षांनी, टिकून राहिलेले पुन्हा जंक्शनला जमले. फोटो निघाले, मिठ्या झाल्या.

हे वाचताना मला त्या निघून गेलेल्यांचीच उत्सुकता लागून राहिली. पहाटे चारला बॅग उचलून रस्त्याला लागलेला पोरगा पंचवीस वर्षांनी काय करत होता? त्याच्याकडे काय आहे सरांविषयी सांगायला? खडतर गुरूची गोष्ट आपल्याला नेहमी पार पडलेल्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते, आणि ते खोटं बोलत नाहीत, हीच पंचाईत. दोन नंबरला कळा सोसायचं बळ खरोखरच मिळालं होतं.

वहीत मी माझं टायमिंग शोधत होते आणि माझ्याआधीच्या तीन नंबरचं, त्या पुढच्या बाकावरचीचं पान लागलं. स्पर्धेआधीचा आठवडा. सोमवारच्या ओळीत: "३ – नडगी. एक्स-रे – ठीक." मंगळवारी: "३ अजून लंगडते." बुधवारी: "६ × २००", आणि सगळ्यांची टायमिंग, तिचीही. गुरुवारी तीनच्या रकान्यात माझं नाव.

मी ते "अजून" कितीतरी वेळ बघत राहिले. काल लंगडत होती, आज लंगडते का हे मुद्दाम पाहिल्याशिवाय हा शब्द लिहिता येत नाही. सरांच्या नजरेतून काही सुटत नसे, हे माझं अडलेलं वाक्य. ते खरंच होतं. हेही सुटलं नव्हतं.

एक्स-रेबद्दल सांगायला हवं, कारण त्यात सरांची बाजू आहे. सरांचा नियम उलट शहाणपणाचा होता. स्नायू दुखला तर पळायचं, हाड दुखलं तर मला सांगायचं. तिनं सांगितलं होतं. त्यांनी तिला डॉक्टरकडे पाठवलंही होतं. फोटोत काही दिसलं नाही. वारंवार आदळून हाडाला जाणारी केसासारखी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड स्वतःची डागडुजी करतं तेव्हा आधी जुना भाग पोखरून काढतं, मग नवा भरतं. पोखरायला तीनेक आठवडे पुरतात, भरायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणी सहा वेळा दोनशे मीटर पळवलं तर ते तुटतं. हे तेव्हा सरांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण लंगडणं माहीत असायला पुस्तक लागत नाही.

आणि मला? त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी जिन्यात तिच्या मागं होते. ती कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती, लहान मुलं उतरतात तशी. बावीस पायऱ्या. मी मोजल्या. माझ्या पोटात तेव्हा जे हललं त्याला काळजी म्हणता येणार नाही. मी बुधवारी घरी जाऊन आरशासमोर उजवा हात मागं नेऊन बघितला.

आम्ही दुसऱ्या आलो. रौप्यपदकाचा फोटो पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी काढून ठेवलाय. चौघी, गळ्यात पदकं, बाजूला सर, हातात स्टॉपवॉचची दोरी गुंडाळलेली. नंतरच्या महिन्यात तिच्या पायाचा दुसरा फोटो काढला, त्यात चीर दिसली. प्लास्टर, परीक्षा, सुट्टी. ती पुन्हा मैदानावर आली नाही आणि वहीत तिच्या नावावर रेघ आली. आमच्यात भांडण असं काही झालं नाही. ती पुढच्या बाकावर बसत राहिली आणि मी तिच्या वेणीकडे बघत राहिले.

मधली वीस वर्षं आमच्यात काही बोलणं नव्हतं. २०१९मध्ये मेरी केनचा व्हिडिओ आला. सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या पंधराशे मीटरच्या अंतिम फेरीत पळालेली अमेरिकन मुलगी. वजन कमी कर, अजून कमी कर, हा लकडा, मग पाळी तीन वर्षं बंद आणि पाच हाडं मोडलेली, असं ती कॅमेऱ्याकडे बघून सांगत होती. तिच्या प्रशिक्षकांनी आरोप नाकारले. कमी खाणं, पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं ही एकाच दोरीची टोकं आहेत हे त्याआधीच माहीत झालेलं होतं, पण मला ते त्या दिवशी कळलं. मी कुठून तरी पुढच्या बाकावरचीचा नंबर मिळवला आणि तो व्हिडिओ पाठवला, मजकूर काहीच न लिहिता. दोन दिवसांनी उत्तर आलं: "आपल्याला कधी कुणी विचारलंच नाही गं." तेव्हापासून आम्ही बोलतो. पायाबद्दल नाही बोलत.

माझंही एक बारीकसं सांगते. मागच्या वर्षी गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जात होते. ती विचारायची, दुखणं एक ते दहात किती? मी म्हणायची, दोन. पुढच्या वेळी, दोन. तिसऱ्या वेळी तिनं गुडघा दाबला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी म्हटलं, दोन. तिनं कागद खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही खेळत होतात का कधी?"

वह्या परत करायचं काम मी मागून घेतलं. सर दारातच उभे होते. "ये, तीन." बारीक झालेत, पण पाठ तशीच ताठ. उजव्या अंगठ्याचं नख स्टॉपवॉच दाबून दाबून चपटं झालेलं, ते अजून तसंच. बसायच्या आत म्हणाले, "तुझा हात फार लवकर मागं जायचा. आवाज यायच्या आधीच. त्यात आपलं पहिलं गेलं." सत्तावीस वर्षांनी हे. मला राग यायला हवा होता, आणि मी म्हणाले, "हो सर, खांदा अडायचा."

मग मी ती वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली, मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा बदलला. वाचलं. पुढची ओळ वाचली, मागची वाचली. मी काहीच म्हटलं नव्हतं.

"लिहिलंय म्हणजे दिसलं असणार," सर म्हणाले.

मी थांबले.

"सहा दिवस राहिले होते," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "फोटोत काही नव्हतं आलं." हे मला सांगत होते की वहीला, कळलं नाही. माफी नाही, सारवासारवही नाही. त्यांनी वही मिटली, मग पुन्हा उघडली आणि विचारलं, "ती कुठं असते?" मी सांगितलं. "पळते?" नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वही मला परत दिली. म्हणाले, हे पान पुस्तिकेत घ्यायचं असेल तर घ्या.

पुस्तिकेत ते पान आलेलं नाही. संपादक मैत्रिणीला वाटलं, गौरवाच्या अंकात कशाला. मी मुखपृष्ठावरच्या फोटोखाली पाचवं नाव टाका म्हटलं, तर उत्तर आलं, "पण ती फायनलला नव्हती ना." बरोबर आहे, नव्हती. माझं पान मी पाठवलं नाही. त्या जागी सरांचा आणखी एक फोटो छापलाय, फक्की मारतानाचा. चांगला आहे फोटो.

त्या रात्री तिला फोन केला आणि वहीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या. "अजून लंगडते" वाचल्यावर पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, चुकलं आपलं, हे फोनवर सांगायचं नव्हतं. तेवढ्यात ती म्हणाली, "बुधवारची टायमिंग आहेत का? माझी?"

आहेत म्हटलं.

"वाच ना."

"तीस-एक. एकोणतीस-आठ. एकोणतीस-नऊ. एकोणतीस-सहा. एकोणतीस-चार."

"एकोणतीस-चार?" तिचा आवाज चढला. "पाचवं? त्या पायानं मी पाचवं एकोणतीस-चार काढलं?"

"हो."

"बाप रे," ती म्हणाली, आणि चक्क हसली. मग म्हणाली, "आणि सहावं?"

मी फोटो मोठा करून बघितला. सहाव्या रकान्यात तिघींची टायमिंग होती. तिच्या ओळीत आडवी रेघ.

"सहावं नाही लिहिलेलं."

"सहावं मी केलं होतं," ती म्हणाली. "शेवटचे शंभर चालत केले. पण पूर्ण केलं होतं. तू होतीस की तिथं."